बुधवारचा उंदीर

कुडाळकडच्या माणसाच्या घरात साप निघाला, तर तो त्याला साप म्हणत नाही. जनावर म्हणतो, लांबडं म्हणतो, फारच जवळ आलं असेल तर नुसतं 'ता', म्हणजे 'ते', म्हणतो आणि काठी शोधायला लागतो. दत्तप्रसाद परब याच वळणाचा माणूस. वयाच्या चाळिशीपर्यंत त्याने सापाचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. एक्केचाळिसाव्या वर्षी मात्र, कुवेतमध्ये, सलवा भागातल्या एका बंगल्यात, एका मादीला आठवड्याच्या आठवड्याला उंदीर भरवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

तो आला होता एसीच्या कामाला. इराकची लढाई संपून दोन वर्षं झाली होती, अर्धं कुवेत पुन्हा उभं राहत होतं आणि एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुणीही दारातून परत पाठवत नव्हतं. पाच वर्षं कंपनीत काढली, कंपनी बंद पडली, तेव्हा इद्रीस नावाच्या कुवेती इंजिनियरने त्याला घरच्या व्हिशावर ठेवून घेतलं. एसी, पाण्याचा पंप, गॅरेजचं दार, बागेचे नळ, असं सगळं त्याच्याकडे. इद्रीस त्याच्याहून आठ वर्षांनी लहान, पण तिथल्या घरकामाच्या रिवाजाप्रमाणे दत्तप्रसाद त्याला 'बाबा' म्हणायचा. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली होती. नंतर सवय झाली.

दोन हजार तीनच्या थंडीत इद्रीसने आफ्रिकी अजगरांची एक जोडी आणली. हे अजगर आपल्याकडच्यासारखे मोठे होत नाहीत; हातभर-दोन हात लांब, जाड, लाजाळू. घाबरले की डोकं मधे घेऊन चेंडूसारखे गोळा होतात. आले तेव्हा दोन्ही पिल्लंच होती. नराला इद्रीसने कधी नाव दिलं नाही; तो दुसऱ्या खोलीत, वेगळ्या पेटीत राहायचा. मादीचं नाव त्याने लूलू ठेवलं. लूलू म्हणजे मोती. दत्तप्रसादला ते नाव कुत्र्याला शोभेलसं वाटलं. तो तिला 'बाय' म्हणू लागला.

तिचं कपाट त्यानेच बांधलं. खाली गरम तार, वर थर्मोस्टॅट, एका कोपऱ्यात ऊब आणि दुसऱ्यात गारवा, अशी सोय. आयुष्यभर त्याने माणसांसाठी हवा थंड केली होती, जनावरासाठी ती मोजून गरम करण्यात त्याला वेगळीच मजा आली. पहिला महिनाभर तो चिमट्याने पाण्याची वाटी सरकवायचा. मग एक दिवस वीज गेली, कपाट गार पडायला लागलं, आणि काही सुचेना म्हणून त्याने बायला सदऱ्याच्या आत पोटाशी धरलं. तासभर ती तिथे निवांत बसून राहिली. त्या दिवसानंतर चिमटा अडगळीत गेला.

इद्रीसला एकच ध्यास होता. त्याला लूलूची अंडी हवी होती. त्याच्यासारखेच हौशी तीन-चार मित्र होते, कुणाकडेही मादीने अंडी घातली नव्हती. पण इद्रीस उतावळा नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने पुस्तकं मागवून वाचली होती. मादी तीन वर्षांची हवी आणि वजनाने दीड किलोच्या वर हवी, त्याआधी नराला जवळ आणायचं नाही, हा त्याने स्वतःला घालून घेतलेला नियम. कारणही त्याने दत्तप्रसादला एकदा समजावलं होतं. अंडी पोटात धरली की मादी खाणं सोडते. चार-चार महिने ती अंगावरच्या मांसावर जगते. अंगावर पुरेसं नसेल तर अंडी आतच अडकतात, आणि मग मादी जाते.

कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला इद्रीसच्या हातचा तक्ता चिकटवलेला होता. शनिवारी खाणं, शुक्रवारी वजन. वजन शुक्रवारी दुपारी, नमाज आटोपून आल्यावर, इद्रीसच्या समोर व्हायचं. तो काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि दत्तप्रसाद तक्त्यात लिहायचा. शनिवार ते शुक्रवार मधे सहा दिवस का ठेवले, ते इद्रीसने सांगितलं नाही. त्याला ते उघड वाटलं असणार. दत्तप्रसादनेही विचारलं नाही.

घोळ झाला तो शनिवारचा. बायला उंदीर द्यायचा म्हणजे आधी तो मारायचा. दत्तप्रसादने टबात पांढरे उंदीर पाळले होते आणि एका झटक्यात, त्रास न देता मान मोडायची कला शिकून घेतली होती. पण शनिवार मारुतीचा. परबांच्या घरात शनिवारी मासळीचा वाससुद्धा येत नसे, आणि इथे आपल्या हाताने जीव घ्यायचा म्हणजे अतीच झालं. सोमवार शंकराचा, त्या देवाच्या गळ्यातच हे जनावर, त्यामुळे तो विचारच नको. मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, आणि याचं नावच दत्तप्रसाद. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी इद्रीसची आई जेवायला यायची, तिच्यासमोर त्या खोलीचं दार उघडायची सोय नव्हती. शुक्रवार वजनाचा. म्हणून बुधवार. कोकणातल्या कुठल्याही घरात मांसाहाराचा दिवस याच हिशेबाने ठरतो. आठवड्यातून एकदा खाण्याशी मतलब, वार कुठला का असेना, असं त्याला वाटलं. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंही त्याच्या मनात आलं नाही.

तीन वर्षं बाय बुधवारी जेवत राहिली आणि शुक्रवारी काट्यावर चढत राहिली. आकडा वाढत राहिला. इद्रीस पाठ थोपटायचा. मित्र आले की कपाटाचं दार उघडून आधी तक्ता दाखवायचा, मग साप. तक्त्यातले ते आकडे आपल्या अक्षरात आहेत, याचा दत्तप्रसादला अभिमान वाटायचा. बंगल्यात त्याचं स्वतःचं असं दाखवण्यासारखं दुसरं काय होतं?

दोन हजार सहाच्या रमजानात, शेवटच्या दहा दिवसांत, इद्रीस उमऱ्याला मक्केला गेला. त्या आठवड्यात बाय कात टाकायला आली होती. डोळ्यांवर दुधाळ पडदा आला होता, अंगाचा रंग विटला होता. अशा वेळी पुष्कळ जनावरं खात नाहीत, पण बायने तोवर एकही बुधवार चुकवला नव्हता. त्या बुधवारी मात्र उंदराकडे तिने पाहिलंही नाही. शुक्रवारी इद्रीस नव्हता तरी दत्तप्रसादने नेमाप्रमाणे तिला काट्यावर ठेवलं. आदल्या शुक्रवारी चौदाशे ऐंशी ग्रॅम भरले होते. आज काट्याने दाखवले तेराशे वीस.

त्याला वाटलं, काटा बिघडला. स्वयंपाकघरातून किलोभर साखरेची न फोडलेली पिशवी आणून ठेवली. बरोबर एक किलो. बायला पुन्हा ठेवलं. तेराशे वीस. ती आजारी आहे का, म्हणून त्याने तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत हाताखालून घेतलं. ती ठणठणीत होती. फक्त पोट रिकामं होतं.

मग त्याच्या लक्षात आलं. बुधवारी गिळलेला उंदीर शुक्रवारी दुपारी कुठे जाईल? तो पोटातच असतो, जवळजवळ सगळाच्या सगळा. तीन वर्षं आपण शुक्रवारी बायचं वजन करत नव्हतो, बाय अधिक उंदीर असं करत होतो. ती वाढत होती तसा उंदीरही मोठा देत गेलो. बाबांनी मधे सहा दिवस ठेवले होते ते याचसाठी.

त्याच क्षणी पेन बाजूला ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण तक्त्यातली त्या दिवसाची चौकट रिकामी होती. चौदाशे ऐंशीच्या खाली तेराशे वीस लिहिलं तर बाबा विचारणार, आणि मग तीन वर्षांचे सगळे आकडे उसवणार. दत्तप्रसाद काही मुळात लबाड माणूस नव्हता. घाबरला, एवढंच. त्याने लिहिलं, चौदाशे नव्वद.

इद्रीस ईदला परतला. बुधवारी बायने ताज्या कातीनिशी, भुकेने, मोठा उंदीर गिळला. शुक्रवारी काट्यावर आकडा आला पंधराशे दहा. इद्रीसने तो दोनदा मोठ्याने वाचला. मग त्याने दत्तप्रसादच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"खलास, दत्ता," तो म्हणाला. "अगले जुम्मे को नर डालेंगे. आज से रात में चार डिग्री कम करो."

"जी बाबा," दत्तप्रसाद म्हणाला.

बोलायला तीच वेळ होती. त्याला ते कळत होतं. पण इद्रीस तोवर मित्राला फोन लावत होता, हसत होता, आणि दत्तप्रसादच्या तोंडून दुसरा शब्द फुटला नाही. संध्याकाळी त्याने थर्मोस्टॅटची कळ फिरवली. हवा गार झाली की हे प्राणी जोडीच्या दिवसांत येतात. ती कळ त्याने स्वतःच्या बोटांनी चार डिग्री खाली आणली, आणि त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास नीट उतरेना.

आठवडाभर तो हिशेब करत राहिला. खरं वजन तेराशे तीस धरा. दीड किलोला पावणेदोनशे ग्रॅम कमी. पावणेदोनशे ग्रॅम म्हणजे काय, हे त्याने आपल्या हाताने पाहिलं होतं. पाठीचा कणा अजून हाताला लागत होता, कुशीत भर नव्हती. तीन वर्षं रोज हाताळून जे बोटांना कळत होतं ते तक्त्यातल्या आकड्याने झाकलं गेलं होतं. बाबा वाईट माणूस नाही, खरं कळलं तर थांबेल. पण खरं सांगायचं म्हणजे चौदाशे नव्वदचंही सांगायचं. आणि घरच्या व्हिशावरच्या माणसाला मालकाने अकामा, म्हणजे राहायचा परवाना, दिला नाही की दुसरीकडे जाता येत नाही, सरळ विमानात बसावं लागतं.

मंगळवारी त्याला एक युक्ती सुचली. बुधवारी उंदीर द्यायचाच नाही. मग शुक्रवारी काटा आपोआप खरं दाखवेल. बाबा आकडा बघेल, म्हणेल ही उतरली, अजून थांबू. आपल्याला काही बोलायलाच नको. बुधवारी त्याने टबाकडे पाठ फिरवली. बाय कपाटात डोकं वर काढून वाट बघत होती. तिची जीभ आतबाहेर होत होती. त्याने दार लावून घेतलं.

गुरुवारी इद्रीस मुलांना घेऊन समुद्राकाठच्या घरी गेला आणि दत्तप्रसाद बस पकडून अबू हलीफाला. तिथे रविकांत मेस्त्री सहा जणांच्या फ्लॅटमध्ये राहायचा. देवगडचा सुतार, कुवेतमधला त्याचा सगळ्यात जुना दोस्त. रविकांत बांगडे साफ करत होता. दत्तप्रसाद गुरुवारी खात नाही हे माहीत असल्यामुळे त्याच्यासाठी वेगळी डाळ टाकलेली होती. दत्तप्रसादने सगळं सांगितलं. रविकांतने ऐकता ऐकता चार बांगडे उरकले.

"दत्ता, तू गप रव," तो म्हणाला. "जनावर ता. मेला तर मेला, जगला तर जगला. तुझ्या पोटाचा काय?"

"तिका माझ्या चुकीन मराण येतला, रवी."

"आणि तुका? घराक जावन काय करतलंस? काटो खरा दाखयतलो मा उद्या? मगे झाला. तू कित्याक तोंड उघडतंस?"

रविकांतचं काही चुकत नव्हतं. त्याच फ्लॅटमधल्या एकाला मालकाशी वाद घातला म्हणून चार दिवसांत घरी जावं लागलं होतं, त्याची ट्रंक अजून पलंगाखाली होती. दत्तप्रसादने डाळभात खाल्ला, आणि बाहेर येऊन फोनच्या दुकानातून घरी फोन लावला.

नर्मदा त्याची बायको. गावी एकटी राहायची. त्यांना मूल नव्हतं, आणि ते का नव्हतं हे दत्तप्रसादने कुवेतमध्ये कुणालाही, रविकांतलाही, सांगितलं नव्हतं.

पंच्याऐंशी साली त्यांचं लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती, काटकुळी, गालांची हाडं वर आलेली. लग्नाला महिना झाला असेल. वाडीतली सुईण, गोदूबाई, सहज म्हणून आली. तिने नर्मदाला जवळ बसवलं, कमरेवरून हात फिरवला आणि दत्तप्रसादच्या आईला म्हणाली, "पोर अजून भरला नाय. वर्सभर म्हायेराक ठेय तिका." आई हसली. म्हणाली, "आमी काय भरून इल्लों?" दत्तप्रसाद पडवीत बसला होता. त्याला एकूण एक शब्द ऐकू आला. तेवीस वर्षांचा बाप्या, पण असल्या विषयात आईपुढे तोंड कसं उघडायचं, या लाजेने तो गप्प बसला. तो पुन्हा मुंबईला, फ्रीज दुरुस्तीच्या कामावर गेला. पुढच्या वर्षी तार आली. दोन दिवस कळा देऊन मूल गेलेलं बाहेर आलं होतं आणि नर्मदाला वाचवायला गर्भाशय काढावं लागलं होतं. तो चौथ्या दिवशी पोचला.

हे दोघांनी नंतर कधी बोलून दाखवलं नाही. आई गेली, गोदूबाई गेली, तरी नाही. आज फोनवर दत्तप्रसादने बायचं सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच त्याला कळलं की आपण कुणाला काय सांगतोय. पण आता थांबता येईना. वजनाचं सांगितलं, खोट्या आकड्याचं सांगितलं, बुधवारी उंदीर दिला नाही तेही सांगितलं. "उद्या काटो बोलतलो," तो म्हणाला. "माका काय सांगूचा लागाचा नाय."

पलीकडे तिने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काटो बोलतलो म्हणतास," नर्मदा म्हणाली. "आणि तुमी?"

त्याने मीटरवरचे चढते पैसे बघितले. मग तिने पंपाच्या मोटारीचं काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी बंगल्यात शांतता होती. इद्रीस मशिदीत गेलेला. दत्तप्रसादने काटा पुसून टेबलावर मधोमध ठेवला, शेजारी पेन ठेवलं, आणि उभा राहिला. बाय पाण्याच्या वाटीभोवती वळसा घालून बसली होती. बांगेचा आवाज थांबून बराच वेळ झाला होता. गाडी आली, फाटक वाजलं, जिन्यावर चपला वाजल्या. इद्रीस आत आला तो पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, अत्तराचा वास घेऊन, आणि त्याच्या हातात झाकणाचा टब होता. टबात नर.

दत्तप्रसाद कपाट उघडून बायला काढायला पुढे झाला.

"नहीं, नहीं," इद्रीस म्हणाला. "उसको मत छेड़ो."

"बाबा, वजन."

"वजन हो गया. पिछले हफ्ते पंधरा सौ दस. आज क्यों परेशान करना?"

त्याने काटा उचलला आणि टब ठेवायला जागा केली. काटा गेला खिडकीच्या कठड्यावर.

दत्तप्रसाद त्या काट्याकडे बघत राहिला. मंगळवारपासून त्याने ज्याच्यावर भार टाकला होता, ती वस्तू कठड्यावर पडून होती. इद्रीसने टबाचं झाकण काढलं. नर बारीक, चपळ, लगेच काठावर चढू लागला. इद्रीसने त्याला अलगद हातावर घेतलं आणि कोपराने कपाटाचं दार उघडलं. बायने डोकं उचललं. नर आणि बाय यांच्यात आता हातभर अंतर होतं.

दत्तप्रसाद पुढे झाला आणि त्याने दार परत लावलं. तेरा वर्षांत मालकाच्या हातासमोर त्याने आपला हात असा कधी घातला नव्हता.

"बाबा, मत डालो."

इद्रीसने वळून पाहिलं. रागाआधी त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. "क्या हुआ?"

"इसका वजन पंधरा सौ नहीं है. तेरा सौ है."

"तराजू झूठा है?"

"तराजू झूठा नहीं, बाबा. मैं झूठा."

इद्रीसने नराला टबात ठेवलं, झाकण लावलं, आणि स्वतः काटा उचलून टेबलावर आणला. बायला त्यानेच बाहेर काढलं. आकडा थरथरला आणि थांबला. तेराशे पंधरा. इद्रीसने या वेळी तो मोठ्याने वाचला नाही.

मग दत्तप्रसादने सांगितलं. मोडक्यातोडक्या हिंदीत, मधे अरबी घालून, बुधवारचा उंदीर, शुक्रवारचा काटा, तीन वर्षं. इद्रीस तक्त्यापुढे उभा राहून एकेका शुक्रवारवर बोट ठेवत खाली येत होता. बोट त्या रमजानातल्या शुक्रवारी थांबलं.

"इस दिन मैं मक्के में था," तो म्हणाला. "इस हफ्ते इसने खाया?"

"नहीं, बाबा. कात टाक... चमड़ी निकाल रही थी. नहीं खाया."

"फिर चौदह सौ नब्बे किसने लिखा?"

"मैंने."

"मालूम था, तब भी लिखा?"

"मालूम था."

इद्रीस खुर्चीवर बसला. बाय त्याच्या मनगटाभोवती वळसा घालत होती, त्याला ते कळतही नसावं. मग त्याने एकच विचारलं. शनिवारी का नाही? दत्तप्रसादने मारुतीचं सांगितलं, मग शंकराचं, दत्ताचं, सगळे वार क्रमाने. इद्रीस हसला नाही. स्वतः पाच वेळ नमाज पढणारा माणूस, वार पाळण्यात त्याला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"मुझे बोलते," तो म्हणाला. "जुम्मे को पहले वजन, वजन के बाद खाना. बस."

तीन वर्षांचा घोळ एका वाक्यात मिटला. शुक्रवार तर दत्तप्रसादच्याही घरात मासळीचा वार. इतकं सोपं होतं, आणि त्यासाठी फक्त एकदा विचारायचं होतं. दत्तप्रसादला स्वतःची इतकी लाज आयुष्यात दोनदाच वाटली, त्यातली ही दुसरी वेळ.

इद्रीसने तक्ता दारावरून सोडवला आणि घडी करून खिशात ठेवला. "वार की बात मैं समझता हूँ," तो म्हणाला. "वह एक आँकड़ा नहीं समझता. अकामा मार्च तक है. नया नहीं बनाऊँगा." मग त्याने बायला कपाटात ठेवलं, नराचा टब उचलला आणि जाता जाता म्हणाला, "रात का थर्मोस्टॅट वापस ऊपर कर दो."

दत्तप्रसादने कळ फिरवली. नोकरी गेली होती, आणि त्याला आठवडाभरात पहिल्यांदा भूक लागली. पुढचे चार महिने त्याने बायला शुक्रवारी, वजन झाल्यावर, जेवू घातलं. आकडा आता इद्रीसच लिहायचा. दोघांत कामापुरतं बोलणं होई. मार्चमध्ये विमानतळावर सोडायला ड्रायव्हर आला, इद्रीस आला नाही.

गावी येऊन त्याने कुडाळच्या बाजारात फ्रीज-एसी दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. रविकांत फोनवर अजून त्याला मूर्ख म्हणायचा. म्हणू दे, असं दत्तप्रसादला वाटे. पण एक काळजी त्याला सोडत नव्हती. पुढचा नोव्हेंबर, जोडी लावायचा मोसम, आला, आता बाबा काय करणार, पोट रिकामं असताना वजन घेणार का, हे विचारायला त्याच्याकडे काही तोंड उरलं नव्हतं.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये, एका दुपारी, घरचा फोन वाजला. नर्मदा मागच्या दारी आमसुलं वाळत घालत होती. दत्तप्रसादने फोन घेतला आणि आवाज ऐकून नकळत उठून उभा राहिला.

"दत्ता," इद्रीस म्हणाला. "सात अंडे. आज सुबह. सात के सात अच्छे. नवंबर में सोलह सौ चालीस थी, खाली पेट. मैंने खुद लिखा." मग म्हणाला, "किसी को नहीं बताया अभी. पहले तुम्हें बताया."

दत्तप्रसादने फोनवर हात ठेवून मागच्या दाराकडे तोंड करून सांगितलं, सात अंडी, सगळी चांगली. नर्मदा हात पुसत आत आली होती. ती दारातच उभी राहिली.

"आणि ती कशी आसा?" तिने विचारलं.

"सात इली म्हणता. पांढरी शुभ्र..."

"अंडी नाय. ती."

दत्तप्रसादने फोन कानाला लावला. "बाबा, लूलू कैसी है?"

"रुको," इद्रीस म्हणाला, "देखता हूँ," आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. परदेशातून आलेला फोन असा नुसता उघडा पडून राहिला आणि नवराबायको दोघं वाट बघत उभी राहिली.

त्या वेळात दत्तप्रसादला शहाऐंशी सालचं आपलं घर दिसलं. तार हातात घेऊन तो चौथ्या दिवशी पोचला होता. दारातच त्याने आईला विचारलं होतं, मुलगा होता की मुलगी? नर्मदा आतल्या खोलीत पडून होती, दार उघडं होतं. तिला ते ऐकू गेलं असणार. तिच्याकडे तो दिवेलागणीला गेला, आणि गेला तेव्हाही उंबऱ्यातून बघून परत आला.

इद्रीस परत आला. "दुबली हो गई है," तो म्हणाला. "मगर ठीक है. अंडों पर बैठी है. पानी पिया."

दत्तप्रसादने ते नर्मदाला सांगितलं. "मगे बरा," ती म्हणाली. त्याने इद्रीसला शुक्रिया म्हटलं, फोन ठेवला, आणि तिथेच जमिनीवर बसला. नर्मदा पुन्हा आमसुलांकडे वळली होती.

"नर्मदा," तो म्हणाला. "तेव्हा तू कशी होतंस?"

कधीचं, ते तिने विचारलं नाही. हातातली परात खाली ठेवली, त्याच्यासमोर येऊन बसली, पदर सारखा केला. आणि बावीस वर्षांनी सांगायला लागली.